आमची शिडी

मे महिन्याच्या सुट्टीत लेकीने टीव्हीवर ‘डॉसन्स क्रीक’ लावली आणि आमच्या घरात रात्रीची जेवणं वेळेवर होईनाशी झाली. मालिका १९९८च्या जानेवारीत सुरू झालेली आणि २००३च्या मेमध्ये संपलेली, म्हणजे लेकीच्या जन्माआधीच आटोपलेली. सहा सीझन, १२८ भाग. मी आकडा ऐकूनच उठणार होतो, पण ताट टीव्हीसमोर होतं.

मॅसॅच्युसेट्समधलं केपसाइड नावाचं खाडीकाठचं गाव. गाव खोटं, शूटिंग नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्मिंग्टनचं. डॉसन लीरी हा सिनेमावेडा, स्पीलबर्गचा परमभक्त. पेसी विटर हा त्याचा जिवलग, पोलीस अधिकाऱ्याच्या घरातलं ओवाळून टाकलेलं कार्टं. आणि जोई पॉटर ही खाडीपलीकडची मैत्रीण. ही मुलगी दाराने येत नाही. डॉसनच्या खिडकीला शिडी लावलेली असते, त्या शिडीने येते.

आमच्या आईला इंग्रजी येत नाही. लेक भराभर मराठीत सांगते, उरलेलं आई चेहऱ्यांवरून लावते, आणि तिचं बरोबर येतं. पण पहिल्याच भागात ती शिडीपाशी अडली.

‘‘रात्रभर तिथेच असते? चोर नाही येत?’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘आपली शिडी आणलीस का रे?’’

इथे जरा खुलासा करायला हवा. आमची अ‍ॅल्युमिनियमची घडीची शिडी तळमजल्यावरच्या माझ्या मित्राने नेली आहे. माळा साफ करायला, दोन दिवसांसाठी, मागच्याच्या मागच्या दिवाळीत. मित्र शाळेपासूनचा. रोज सकाळी आम्ही फिरायला बरोबर जातो, गुडघ्यांपासून गॅस सिलिंडरपर्यंत सगळं बोलतो. शिडी सोडून. नेताना मीच म्हणालो होतो, ‘‘सावकाश दे, घाई नाही.’’ आता हे वाक्य परत कसं घ्यायचं?

डॉसनने नेमकं हेच केलं. तिसऱ्या सीझनच्या सुरुवातीला जोई त्याच्याकडे परत येते, तर हा तिला नको म्हणतो. वर पेसीला सांगतो, तिच्याकडे जरा लक्ष ठेव.

‘‘मांजराला सांगितलं, दुधावर लक्ष ठेव,’’ आई म्हणाली.

पेसीने लक्ष ठेवलं, अगदी मनापासून ठेवलं. जोईला चित्र काढायला म्हणून त्याने एक अख्खी भिंत भाड्याने घेतली. इथे माझी बायको पेसीच्या बाजूला फुटली. लेक आधीच फुटलेली होती. आमच्या लग्नाला वीस वर्षं होत आली, भिंत राहो, मी साधा खिळा वेळेवर ठोकला नाही, असं काहीसं बोलणं त्या रात्री झालं. खिळा ठोकायला शिडी लागते, हे मी बोललो नाही.

मग तो ‘द लाँगेस्ट डे’ नावाचा भाग. डॉसनला सगळं कळतं तो एकच दिवस, पण वेगवेगळ्या माणसांच्या बाजूने पुन्हापुन्हा दाखवलेला. तेच प्रसंग तिसऱ्यांदा आले तेव्हा आईने गवार निवडता निवडता जाहीर केलं, ‘‘अडकलंय ते. बंद करून चालू कर.’’ लेकीने समजावलं. चौथ्यांदा आले तेव्हा आई उठून स्वतःच बटणाकडे निघाली.

मी एकटाच डॉसनच्या बाजूचा. मान्य, पोरगा रडका आहे. सोळाव्या वर्षी साठीतल्या प्राध्यापकासारखं बोलतो (त्या मालिकेत सगळेच तसे बोलतात). पण त्याच्याच मित्राने त्याचीच मैत्रीण स्वतःच्या होडीत घालून उन्हाळाभर समुद्रावर न्यायची? आणि पुढच्या सीझनला तीच होडी वादळात सापडल्यावर पेसीला आणायला कोण गेलं? डॉसन! मी हे टेबलावर हात आपटून सांगितलं.

‘‘गेला,’’ बायको म्हणाली, ‘‘पण तोंडावर उपकार बघा.’’

आई तोवर तटस्थ होती. ती फिरली सहाव्या सीझनमध्ये. पेसी आता बॉस्टनमध्ये शेअर दलाल झालेला. डॉसन सिनेमासाठी साठवलेले पैसे विश्वासाने त्याच्या हाती देतो, आणि ते बुडतात. लेकीने हे खालच्या आवाजात सांगितलं. आईने गवारीची परात बाजूला सारली.

‘‘पैसे? सगळे?’’

‘‘सगळे, आजी.’’

‘‘पोरगी गेली ती आपल्या पायांनी गेली. तिचं कुणाला काय बोलणार? पण पैशांना पाय नसतात.’’ मग माझ्याकडे बघून, ‘‘शिडीलाही पायऱ्या असतात, पाय नसतात.’’

शेवटच्या भागात कथा पाच वर्षं पुढे जाते. जोई पेसीचीच होते. डॉसन लॉस एंजेलिसमध्ये या सगळ्यावरच एक टीव्ही मालिका काढतो, हे दोघं ती बघून त्याला फोन करतात, आणि तो सांगतो, उद्या स्पीलबर्गला भेटतोय. बायको आणि लेक डोळे पुसत होत्या. माझाही घसा जरा जड झाला होता.

‘‘पैशांचं काही बोलले का?’’ आईने विचारलं.

मी चपला घातल्या आणि तळमजल्यावर गेलो. काय बोलायचं ते जिन्यातच घोकलं होतं. मित्राचं दार उघडंच होतं. आत डायनिंग टेबलावर प्लॅस्टिकचं स्टूल, स्टुलावर मित्र, हातात बल्ब.

‘‘बरा आलास,’’ तो वरूनच म्हणाला. ‘‘धर जरा.’’

मी स्टूल धरलं. ‘‘अरे, शिडी—’’

‘‘साडूने नेलीय रे. दोन दिवसांसाठी म्हणाला होता. वर्ष झालं.’’ बल्ब फिरवत त्याने आवाज खाली आणला. ‘‘आता मागणार कशी? सख्खा साडू.’’

स्टूल डुगडुगायला लागलं. मी दोन्ही हातांनी धरलं.