देश निवडा म्हणे!

सकाळपासून डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांब होणार. ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

विषय गाडी. माझी, माझ्या नावावरची, हप्ते फिटलेली, वॉरंटी संपलेली गाडी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अजून तिच्याच दारात जायचंय आणि मला भांडण एका वेळी एकच झेपतं.

तर झालं असं. यंदाच्या पावसात गाडीचं एबीएसचं (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारं) युनिट गेलं. आमच्या कुडाळात अण्णांचं गॅरेज आहे. माझ्या वडिलांच्या फियाटपासून आमच्या घरातल्या सगळ्या गाड्या त्यांच्याच हाताखालून गेल्या. अण्णांनी दोष शोधला. मी कंपनीच्याच पार्ट्सच्या काउंटरवरून अस्सल नवं युनिट मागवलं, पैसे मोजले, पक्कं बिल घेतलं. अण्णांनी ते बसवलं, ब्रेकमधली हवा काढली. काम चोख. पण मीटरवरचे पिवळे दिवे काही विझेनात. कारण नवं युनिट गाडीशी जुळवून द्यावं लागतं. म्हणजे कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून, इंटरनेटने त्यांच्या सर्व्हरला जोडून, त्यात माझ्या गाडीची माहिती भरावी लागते. कोडिंग म्हणतात त्याला. अर्ध्या तासाचं काम. अण्णा हात पुसत म्हणाले, "बाई, ह्येका कंपनीचो लॅपटॉप व्हयो. माझ्याकडे पाने आसत, पासवर्ड नाय."

ठीक. आपण विकत घेऊ, असं मला वाटलं. फुकट कुठे मागतेय? लेकाने कंपनीच्या दुरुस्ती-माहितीची साइट शोधून काढली. तासाचे पैसे भरा, दिवसाचे भरा, महिन्याचे भरा, सगळं छान मांडलेलं. पहिलाच प्रश्न, देश निवडा. यादी वरून खाली, खालून वर बघितली. माल्टा आहे. आइसलँड आहे. भारत नाही. ज्या देशात ही गाडी मला विकली, जिथे आरटीओने तिला नंबर दिला, जिथे मी तिचा रोड टॅक्स भरला, तो देशच यादीत नाही!

आज सकाळी कस्टमर केअरला फोन लावला. तिकडचा मुलगा गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, ही सुविधा आपल्या रीजनसाठी नाहीये." का नाही? "पॉलिसी आहे मॅडम." मग म्हणाला, "गाडीबद्दल सरांशी बोलता येईल का?" सर! गाडी माझी, लायसन्स माझं, बिल माझ्या नावाचं आणि याला सर पाहिजेत. फोन आपटला असता, पण मोबाइल आपटून नुकसान आपलंच.

आता राग जरा बाजूला ठेवून सांगते (ठेवता येतोय का बघू). युरोपात हे कंपन्या उपकार म्हणून करत नाहीत. तिथे कायदा आहे. २००७ चा एक नियम होता, मग २०१८ चा आला. स्वतंत्र गॅरेजला दुरुस्तीची माहिती द्यायची, तासावर, दिवसावर, महिन्यावर, वर्षावर, वाजवी दरात. तिथल्या एका कंपनीने गाडीच्या संगणकावर फाटक बसवून, आधी आमच्याकडे नोंदणी करा मगच आत या, असं सुरू केलं, तेव्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये युरोपच्या न्यायालयाने सांगितलं की कायद्यात नसलेल्या अशा अटी घालता येणार नाहीत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लोकांनी २०१२ मध्ये थेट मतदान करून हा हक्क मिळवला, ८६ टक्के लोक बाजूने. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२२ पासून सक्ती आहे. बरं, ही सगळी श्रीमंतांची थेरं म्हणावीत तर दक्षिण आफ्रिका घ्या. तिथल्या स्पर्धा आयोगाची (बाजारात कंपन्यांची मनमानी रोखणारी सरकारी संस्था) मार्गदर्शक तत्त्वं १ जुलै २०२१ पासून लागू आहेत. गिऱ्हाइकाने गाडी हव्या त्या गॅरेजला न्यावी आणि त्या गॅरेजला तांत्रिक माहिती मिळावी. आता गंमत बघा. भारतात बनलेल्या गाड्या जहाजात बसून दक्षिण आफ्रिकेला जातात. म्हणजे आपल्याच कामगारांनी जोडलेली गाडी तिकडे उतरली की तिच्या मालकाला हक्क, आणि इथेच राहिली तर तिच्या मालकिणीला "रीजन".

माझा मावसभाऊ जर्मनीत असतो. त्याच्याकडे याच कंपनीची गाडी आहे. त्याच्या घराजवळच्या साध्या गॅरेजवाल्याने, ज्याचा कंपनीशी काडीचा संबंध नाही, अशाच एका कामासाठी तासाचे पैसे भरले, कोडिंग केलं, विषय संपला. मी भावाला म्हटलं, बाबा रे, त्याला विचार, माझा चासी नंबर टाकून बघेल का? त्या भल्या माणसाने टाकला. उत्तर आलं, हे वाहन या प्रदेशात उपलब्ध नाही. म्हणजे माणूसच नाही, गाडीसुद्धा चुकीच्या देशात जन्मली!

आणि आपल्याकडे काहीच झालेलं नाही असंही नाही, याचाच जास्त संताप येतो. एका गिऱ्हाइकाच्या तक्रारीवरून आपल्या भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ ला चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. तक्रार नेमकी हीच होती. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजला द्यायची नाहीत, परदेशात मात्र द्यायची. कंपन्यांचा बचाव काय होता? इथल्या मिस्त्रींना जमणार नाही, सुरक्षिततेचा प्रश्न आहे. आयोगाने तो मानला नाही. सुटे भाग आणि साधनं खुली करा, केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून वॉरंटी तोडू नका, असं स्वच्छ लिहिलं. मग अपिलं झाली, दंड कमी करून घेतले गेले, तारखा पडल्या. २०१४ ला अण्णांचा मुलगा शाळेत होता. आता तो गॅरेजात उभा आहे आणि पासवर्ड अजून नाही.

"इथल्या मिस्त्रींना जमणार नाही." हे वाक्य मला फार लागलं, खरं सांगते. अण्णांचा मुलगा आयटीआयला मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करून आलाय. सरकारच्या पैशाने शिकलाय. सेन्सरचा ग्राफ मोबाइलवर बघून तो दोष सांगतो. माझ्या गाडीच्या वायरिंगमध्ये पाणी कुठून शिरलं हे त्याने एका दुपारात शोधलं आणि परत शिरू नये म्हणून सीलही बदललं. त्याच्याकडे चांगल्यापैकी महाग मल्टीब्रँड (अनेक कंपन्यांच्या गाड्यांना चालणारा) स्कॅनर आहे, कर्ज काढून घेतलेला. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला तो लावला की दोषाचे कोड वाचता येतात, पुसता येतात, बरंच काही करता येतं. पण जिथे कंपनीने सर्व्हरचं कुलूप घातलंय तिथे तो हात टेकतो. पोरगं वरमल्यासारखं माझ्याकडे बघत होतं, जणू काही त्याचंच चुकलं. मला नाही आवडलं ते.

बरं, लगेच कमेंटमध्ये येणार म्हणून आधीच लिहिते. हो, अर्धवट गॅरेजवाले आहेत, वायरी कापून ठेवणारे, मला माहीत आहेत. आणि हो, चावीचं, इमोबिलायझरचं (खऱ्या चावीशिवाय गाडी सुरू होऊ न देणारं) सॉफ्टवेअर कोणाच्याही हातात गेलं तर गाड्या चोरीला जातील, हेही मान्य. पण युरोपात चोरीशी संबंधित माहितीसाठी गॅरेजची वेगळी पडताळणी करतात आणि मगच परवानगी देतात. करा ना पडताळणी. आधार घ्या, उद्यम नोंदणी घ्या, जीएसटी नंबर घ्या, अण्णांचा अंगठा घ्या. एबीएसच्या युनिटने कोणी गाडी पळवत नाही.

आणि बंद करून काय साधतंय? अण्णांना मागे एकाने विचारलं होतं, क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकलेला जुना लॅपटॉप देतो, सगळ्या कंपन्यांचं चालतं, घेता का? अण्णांनी नाही म्हटलं. भीतीने नाही, त्यांना ते पटत नाही म्हणून. पण किती जण नाही म्हणत असतील? पैसे देऊन घ्यायला तयार असलेल्या माणसाला दार बंद, म्हणून तो चोरवाटेने जातो. मग याच कंपन्या म्हणणार, बघा, इथले गॅरेजवाले चोर!

घर माझ्या नावावर आणि कडी मात्र बिल्डर येऊन उघडणार, असा हा मालकी हक्क. तोही बिल्डर घाटावर राहणारा. कारण कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे कोल्हापूरला. तिथल्या सल्लागाराने सांगितलं, गाडी इकडे आणा, बाहेर बसवलेल्या पार्टची जबाबदारी आम्ही घेणार नाही, आधी पूर्ण तपासणी करू, तिचे वेगळे पैसे. अहो, पार्ट तुमचाच आहे, बिल तुमचंच आहे! एबीएस बंद असताना भर पावसात मी घाट चढणार नाही, म्हणजे टोइंगचा खर्च आलाच. अर्ध्या तासाच्या कामासाठी. पुण्यामुंबईच्या मित्रमंडळींना हे कळणार नाही, तुमच्याकडे सर्व्हिस सेंटर रिक्षाच्या अंतरावर असतं. आमच्याकडे, आणि मराठवाड्यात, विदर्भात तर आणखीच, "अधिकृत" म्हणजे दुसरा जिल्हा.

केंद्राने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात मोटारी होत्या, शेतीची अवजारं होती, मोबाइल होते. दुरुस्तीची माहिती देणारं पोर्टलही निघालं. चांगलंच आहे. पण युरोपसारखा कंपनीला भाग पाडणारा कायदा कुठाय? ट्रॅक्टरवाल्यांनो, तुम्ही हसू नका. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरच्या याच सॉफ्टवेअरसाठी वर्षानुवर्षं डोकं फोडलंय. तुमच्याही बोनेटखाली संगणक येतोच आहे.

लिहितालिहिता जरा शांत झाले. त्या कस्टमर केअरच्या मुलावर उगाच ओरडले असं वाटायला लागलंय. त्याच्या पगारात त्याने तरी काय करावं, समोर लिहिलेलं वाचून दाखवत होता. सरांबद्दलचं मात्र माफ नाही.

तर आता कामाचं. ग्राहक पंचायतीत कोणी काम करत असेल, किंवा स्पर्धा आयोगाकडे तक्रार कशी करतात हे माहीत असलेले वकील मित्र असतील, तर इनबॉक्समध्ये या. बिलं, साइटचे स्क्रीनशॉट, आजच्या कॉलचा तक्रार क्रमांक, सगळं जपून ठेवलंय. ज्यांची गाडी अशीच कोडिंगपायी अडकली होती त्यांनी खाली लिहा, कंपनीचं नाव नको, गाव आणि काम एवढंच. एकटीची तक्रार फाइलमध्ये जाते, पन्नास गावांची यादी गेली तर निदान कोणीतरी वाचेल. आणि गाडी विकून साधी घ्या, असा सल्ला देणाऱ्यांनी आज तरी गप्प बसावं, माझ्या नवऱ्याने तो आधीच दिलाय.