नव्या जर्सीतला रिसीव्हर कसा निवडावा

ऑगस्ट उजाडला की अमेरिकन फुटबॉलच्या फँटसी लीगचा (खऱ्या खेळाडूंची कागदावर टीम बनवून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवायचा खेळ) ड्राफ्ट, म्हणजे खेळाडू निवडायचा दिवस, येतो आणि तुम्हाला एकच काम उरतं: यंदा कोणता वाइड रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू, टीम बदलून आलाय ते हुडकायचं. सापडला की डोळे झाकून उचला. जुन्या टीमकडे खेळताना जे काही झालं त्यात त्याचा दोष नसतोच. कोच वाईट, पास फेकणारा क्वार्टरबॅक वाईट, शिकागोचा वारा वाईट.

अभ्यासाला 2022 चा ॲलन रॉबिन्सन घ्या. आदल्या मोसमात शिकागो बेअर्सकडून 38 झेल, 410 यार्ड, टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपार नेणं) एक. मार्चमध्ये लॉस एंजेलिस रॅम्सने त्याच्याशी तीन वर्षांचा, 4 कोटी 65 लाख डॉलरचा करार केला. नुकतीच सुपर बोल, म्हणजे मोसमाची अंतिम लढत, जिंकलेली टीम एवढे पैसे उगाच देईल का? मग त्रैराशिक मांडा: ब्लेक बॉर्टल्ससारख्या बेताच्या क्वार्टरबॅकच्या पासवर त्याने 2015 मध्ये 1400 यार्ड आणि 14 टचडाउन केले, तर रॅम्सच्या मॅथ्यू स्टॅफर्डच्या पासवर किती? मधल्या सात वर्षांत माणसाचं वय वाढतं, 2017 मध्ये त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला होता, असल्या किरकोळ बाबी त्रैराशिकात धरत नाहीत.

एखादा शंकेखोर म्हणेल, अहो, तिथे कूपर कप हा रिसीव्हर आहे, गेल्या मोसमात 191 पास त्याच्याकडे गेले. त्याला सांगा, रॅम्सचा दुसरा रिसीव्हर रॉबर्ट वूड्स टेनेसीला गेला ना, जागा रिकामी झाली. गेलेल्याच्या वाटणीचे पास नव्या माणसाकडे आपोआप येतात, सरकारी खात्यात अनुकंपा तत्त्वावर नोकरी लागते तसे. चेंडू एकच असतो आणि क्वार्टरबॅक तो आपल्या भरवशाच्या माणसाकडेच फेकतो, हे खरं आहे. पण खऱ्याच गोष्टी धरून ड्राफ्ट करायचा तर एवढ्या उन्हाळाभर कॅम्पमधल्या एका हाताने घेतलेल्या झेलांच्या क्लिपा कशाला बघितल्या?

8 सप्टेंबर, मोसमाचा पहिला सामना, समोर बफेलो बिल्स. रॉबिन्सनचा एक झेल, 12 यार्ड. झेलाला एक, दर दहा यार्डांना एक आणि टचडाउनला सहा गुण देणाऱ्या लीगमध्ये याचे होतात 2.2. कपचे 13 झेल, 128 यार्ड आणि एक टचडाउन, म्हणजे 31.8. डगमगू नका. ‘स्टॅफर्डचं आणि त्याचं अजून जमायचंय’ हे वाक्य ऑक्टोबर संपेपर्यंत पुरतं. त्याला बेंचवर तर मुळीच बसवू नका. ज्या रविवारी बसवाल त्याच रविवारी तो टचडाउन करेल, ही भीती ड्राफ्टमधला चौथ्या फेरीचा पिक (निवडीची पाळी) वाया गेल्याच्या दुःखाहून मोठी असते.

दहा सामन्यांनंतर पायाच्या दुखापतीने त्याचा मोसम आटोपला: 33 झेल, 339 यार्ड, 3 टचडाउन. रॅम्स 5 सामने जिंकले, 12 हरले. खापर क्वार्टरबॅकला राखणाऱ्या ऑफेन्सिव्ह लाइनवर फोडा. ती खरोखरच खिळखिळी झाली होती, त्यामुळे कोणी वाद घालत नाही.

तरीही कोणी हसलंच तर रिसीव्हर रँडी मॉसचं नाव घ्या. 2007 मध्ये ओकलंडहून न्यू इंग्लंडला गेला तो खऱ्या लीगच्या ड्राफ्टमधल्या (नव्या खेळाडूंच्या निवडीतल्या) चौथ्या फेरीच्या एका पिकच्या बदल्यात, आणि त्या एका मोसमात 23 टचडाउन झेलले. तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. पास टॉम ब्रेडीसारखा दिग्गज क्वार्टरबॅक टाकत होता, हे मात्र विचारल्याशिवाय सांगू नका.

आणि 2023 च्या एप्रिलमध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सनी सातव्या फेरीच्या पिकांची अदलाबदल करून रॉबिन्सनला घेतलं, तेव्हा तुम्ही काय केलंत? नवी टीम होती की! 34 झेल, 280 यार्ड, टचडाउन शून्य.