सर्व्हर घ्यायचाय? मग हे नक्की करा (आणि मला फोन करू नका)

धंद्यासाठी सर्व्हर घेताय ना? मग लिनक्स की विंडोज असला विचार करत डोकं शिणवू नका. ज्या व्हेंडरचं कोटेशन सगळ्यात कमी, तो जे टाकेल ते घ्या.

लिनक्सकडे तर बघूच नका. फुकट देतायत म्हणजे काहीतरी गोम असणारच. डेबियन नावाचं लिनक्स 1993 पासून चालू आहे म्हणे, असेल, पण आपल्या शेठना स्टार्टचं बटण दिसलं नाही की सर्व्हर बंद पडलाय असंच वाटतं.

किंवा घ्याच लिनक्स, पण एकदा टाकलं की दहा वर्षं ढुंकून बघायचं नाही. सेंटॉस 8 नावाचं फुकट लिनक्स टाकलेल्यांनी तेच केलेलं, 2029 पर्यंत अपडेट येणार म्हणून निवांत बसले आणि डिसेंबर 2020 मध्ये कळलं की 2021 च्या शेवटी दुकान बंद. मग पळा रॉकी नाहीतर अल्मा नावाच्या दुसऱ्या लिनक्सकडे.

बॅकअप? छे, अपशकुन होतो.

आता विंडोज सर्व्हर. त्याचं लायसन्स प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात, प्रत्येक सर्व्हरला कमीत कमी 16 कोअरचं घ्यावं लागतं, वर माणशी नाहीतर मशीनमागे कॅल, म्हणजे सर्व्हर वापरायचा परवाना, आणि रिमोट डेस्कटॉपने दुरून काम करायचे कॅल आणखी वेगळे. हे काही विचारू नका. "ओरिजिनल आहे सर" म्हणाला ना व्हेंडर, झालं मग! आमच्याकडे पण तो असंच म्हणाला आणि इव्हॅल्युएशन कॉपी, म्हणजे मुदतीची ट्रायल, टाकून गेला. स्क्रीनच्या कोपऱ्यात 180 दिवस व्हॅलिड असं लिहिलेलं होतं, शेठना वाटलं ती गॅरंटी आहे. ते 180 दिवस संपले नेमके 20 तारखेच्या तोंडावर, जीएसटीआर-3बी हे जीएसटीचं रिटर्न भरायचं बाकी, आणि सर्व्हर दर तासाला आपोआप बंद. आधी यूपीएस बदलला, मग वायरमन बोलावला, मग कुणीतरी म्हणालं गरम होतंय म्हणून टेबलफॅन लावला, शेवटी वॉचमनला बटण दाबायला खुर्ची टाकून बसवला. इव्हेंट लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, स्वच्छ लिहिलं होतं की मुदत संपली म्हणून दर तासाला बंद होतंय, पण लॉग उघडतंय कोण, टेबलफॅन आहे ना!

आणि मग रात्री साडेअकराला शेठचा मला फोन, "तू आयटीवाला ना, तुला कळायला नको?"

अहो, सांगितलं नव्हतं का? फाइल शेअरिंगला लिनक्सवर सांबा नावाचं सॉफ्टवेअर टाकू, टॅलीसाठी विंडोज लागतंय तेवढं पैसे मोजून घेऊ, आणि लिनक्सचे जे पैसे वाचतील त्यातून महिन्याला येऊन बघणारा एक माणूस ठेवू, कारण फुकट असलं तरी अपडेट काय आकाशातून पडत नाहीत. तेव्हा म्हणालात, "टेक्निकल बोलू नकोस." बिलावर लायसन्सची ओळच नाही, हेही दाखवलेलं. लाखाची मशीन उधारीवर देताना दहा सह्या घेता, आणि सगळा हिशोब ज्याच्यावर चालतो त्याचं बिल वाचायला दोन मिनिटं नाहीत? लाज वाटू द्या जरा. व्हेंडरचा फोन आता लागत नाही आणि रिटर्न अजून तसाच पडलाय. दिवसाला 50 रुपये लेट फी चालू झालीय, ती माझ्या पगारातून कापायची नाही.