'दहावी पास, महिना दीड लाख, जग फुकटात': क्रूझच्या मेसेजला उत्तर

बारावीचा निकाल लागला की लातूर, बीड, नांदेडकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर हा मेसेज पुन्हा फिरायला लागतो. वर पांढऱ्याशुभ्र जहाजाचा फोटो, खाली मजकूर: "क्रूझ शिपवर नोकरी. दहावी पास चालेल, इंग्रजीची गरज नाही. पगार महिना दीड लाख, टॅक्स शून्य. राहणं-खाणं फुकट, जग फुकटात फिरा. प्रोसेसिंग फी फक्त ३ लाख. शेवटच्या १२ सीटा." मी काही वर्षं जहाजावर रेस्टॉरंट विभागात काम केलं, म्हणून 'हे खरं का?' असं विचारत तो माझ्याकडे येतोच. नोकरी खरी आहे. आपल्याकडची पोरं ती करतात आणि त्यावर घरंही उभी राहतात. बाकीच्या मजकुराचं मात्र एकेक वाक्य तपासावं लागतं. सुरुवात फीपासून करतो, कारण माणूस बुडतो तो तिथं.

"प्रोसेसिंग फी फक्त ३ लाख."

जहाजावरच्या कामगारांसाठी 'मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन २००६' हा आंतरराष्ट्रीय करार आहे. भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. त्यानुसार नोकरी लावून देण्याबद्दल उमेदवाराकडून फी घेता येत नाही. मेडिकल, पासपोर्ट आणि सीडीसी, म्हणजे खलाशाचं पुस्तक, एवढ्याचा खर्च आपला. व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा. 'हे खलाशांसाठी आहे, हॉटेल स्टाफसाठी नाही,' असं एजंट सांगतो. तेही खोटं. जहाजावर नोकरी करणारा वेटर, क्लीनर, भांडी घासणारा, सगळे या कराराच्या लेखी खलाशीच.

आपल्याकडे भरती करणाऱ्या कंपनीला मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचा, म्हणजे डीजी शिपिंगचा, आरपीएसएल परवाना लागतो. कुणाकडे परवाना आहे हे त्यांच्या वेबसाइटवर घरबसल्या बघता येतं. समुद्रात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार असे एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे खलाशांच्या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण नियमांतले, कोर्स बहुतेकांना स्वतःच्या पैशानं करावे लागतात, हे खरं. पण ते पैसे मान्यताप्राप्त संस्थेत पावती घेऊन भरायचे असतात आणि मामला काही हजारांचा असतो. एजंटच्या फोनपेवर लाख पाठवायचे नसतात.

केज-धारूरकडून ऊसतोडीला निघणाऱ्या कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, मुकादम आधी उचल देतो आणि मग हंगामभर ती वसूल करतो. त्या पद्धतीचं कौतुक करावं असं काही नाही, पण तिथं निदान पहिला पैसा मुकादमाच्या हातून सुटतो. इथं एजंटच पोराच्या बापाकडून उचल घेतो. तीन लाख शेकडा तीननं काढले तर महिन्याला ९,००० रुपये नुसतं व्याज झालं, आणि ते पोरगं जहाजावर चढायच्या आधीपासून सुरू होतं.

"पगार महिना दीड लाख."

कुणाला? टिप चांगली मिळणारा अनुभवी वेटर किंवा बारटेंडर तिथवर जातो. पहिल्यांदा जाणारा पोरगा बहुतेक वेळा साफसफाईला, भांड्यांना नाहीतर किचनमध्ये मदतीला लागतो. तिथं महिना साधारण ६०० ते ९०० डॉलर. वरचा आकडा धरू, डॉलर ८५ रुपयांचा धरू: ७६,५०० झाले. वाईट नाहीत. पण काँट्रॅक्ट आठ महिन्यांचं असेल तर पगारही आठच महिने. साइन ऑफ करून घरी आलात की पुढच्या जॉइनिंगपर्यंत बहुतेकांना छदामही मिळत नाही. दोन महिने घरी थांबलात तर आठ महिन्यांचे ६,१२,००० दहा महिन्यांत वाटले जातात, म्हणजे महिना ६१ हजार. जॉइनिंग लांबलं तर त्याहून कमी. मेसेजमधल्या आकड्याच्या निम्मेही नाहीत.

आता ते कमवायचे कसे ते ऐका. काँट्रॅक्टभर साप्ताहिक सुट्टी नाही. रविवार, दिवाळी, गावची जत्रा, काही नाही. रोज दहा-अकरा तास काम, तेही सलग नाही: सकाळी नाश्त्याला चार तास, दुपारी जेवणाला थोडे, रात्री पुन्हा पाच. नियमानं २४ तासांत किमान १० तास विश्रांती द्यावी लागते, पण तिचे दोन तुकडे करायची मुभा आहे, त्यातला एक किमान सहा तासांचा. त्यामुळे झोप तुकड्यातुकड्यानं होते. पॅसेंजर बदलतात तो टर्नअराउंडचा दिवस सगळ्यात कठीण. सकाळी अडीच-तीन हजार माणसं उतरतात, दुपारपासून तितकीच नवी चढतात, आणि मधल्या चार-पाच तासांत एकेका अटेंडंटला पंधरा-वीस केबिन्स चकाचक करायच्या असतात. अमेरिकेच्या बंदरात लागणाऱ्या जहाजावर यूएसपीएचची, म्हणजे तिथल्या सार्वजनिक आरोग्य खात्याची, स्वच्छतेची तपासणी कधीही येते. १०० पैकी ८५ किंवा कमी गुण म्हणजे जहाज नापास. मग चमचा चुकीच्या ट्रेमध्ये दिसला तरी सुपरवायझर का ओरडतो ते कळतं.

"जग फुकटात फिरा."

सात रात्रींच्या कॅरिबियन फेरीवरचं जहाज आठवड्याला त्याच तीन-चार बंदरांना लागतं. नासाऊ, सेंट थॉमस, सेंट मार्टिन, पुन्हा नासाऊ. बंदरात असतानाही जहाजावर ठराविक लोक थांबलेच पाहिजेत, त्याला आयपीएम (इन पोर्ट मॅनिंग) म्हणतात. त्या दिवशी तुमची पाळी असेल तर किनारा लांबूनच बघायचा. पाळी नसेल तेव्हा दोन-तीन तास मिळतात. बहुतेक जण ते वायफाय शोधण्यात आणि घरी व्हिडिओ कॉल करण्यात घालवतात, कारण जहाजावरचं इंटरनेट बऱ्याच ठिकाणी पगारातूनच विकत घ्यावं लागतं. फिरणं होतच नाही असं नाही. मी फिरलो. पण कुणी सहल म्हणून निघत असेल तर पहिल्याच महिन्यात रडकुंडीला येईल.

राहणं-खाणं फुकट, हे खरं. खोली दोघांची, बंक बेड, पडदा, खिडकी नाही. क्रू मेसमध्ये भात-करी बहुधा असते, कारण भारतीय, फिलिपिनो आणि इंडोनेशियन लोक भरपूर. भाकरी-ठेच्याचं तेवढं विसरा.

"टॅक्स शून्य" हे अर्धं खरं. आर्थिक वर्षात भारतातला मुक्काम १८२ दिवसांपेक्षा कमी असेल तर तुम्ही अनिवासी, आणि परदेशी जहाजावरच्या पगाराला इथं कर नाही. पण वर्ष ३१ मार्चला संपतं, तुमचं काँट्रॅक्ट नाही. डिसेंबरला चढून ऑगस्टला उतरलात तर आठ महिने बाहेर राहूनही ते दोन वर्षांत विभागले जातात आणि कदाचित एकाही वर्षी तुम्ही अनिवासी ठरत नाही. साइन ऑन-साइन ऑफच्या तारखा घेऊन सीएकडे जा.

"इंग्रजीची गरज नाही."

मुलाखतच इंग्रजीत होते, आणि बऱ्याच कंपन्या मार्लिन्स नावाची इंग्रजीची चाचणी घेतात. पण खरं कारण वेगळं आहे. सात आखूड आणि एक लांब असा धोक्याचा भोंगा वाजला की वेटर वेटर राहत नाही. लाइफजॅकेट घालून नेमल्या जागी उभं राहायचं आणि घाबरलेल्या माणसांना वाट दाखवायची, ही त्याची ड्यूटी. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज खडकावर आदळलं, ३२ माणसं गेली. त्यानंतर नियम कडक झाला: प्रवाशांची मस्टर ड्रिल, म्हणजे धोक्याच्या वेळी नेमल्या जागी जमायचा सराव, जहाज सुटायच्या आधी किंवा सुटताक्षणी झालीच पाहिजे. ती घेणाऱ्याला दोन वाक्यं धड बोलता येत नसतील तर कंपनी त्याला का घेईल?

हे सगळं ऐकून काही जण दुसऱ्या टोकाला जातात: 'ही तर गुलामी आहे, पोराला पाठवू नका.' तेही मला पटत नाही. काँट्रॅक्ट लेखी असतं, परतीचा खर्च कराराप्रमाणे मालकाचा असतो, आणि लागून राहिलेला पोरगा दोन-तीन काँट्रॅक्टमध्ये वर सरकतो. हॉटेल मॅनेजमेंट केलेल्या, इथल्या एखाद्या चांगल्या हॉटेलात वर्ष-दोन वर्षं राबलेल्या पोराला मी जा म्हणेन. शेत गहाण टाकून निघालेल्याला नाही म्हणेन.

राहिल्या 'शेवटच्या १२ सीटा'. कंपन्यांची भरती वर्षभर चालू असते, कारण वर्षभर कुणी ना कुणी साइन ऑफ करत असतो. एजंटला आरपीएसएल नंबर विचारा, जहाजाचं आणि कंपनीचं नाव लेखी मागा, ऑफर लेटर कंपनीच्या ईमेलऐवजी जीमेलवरून आलं का बघा. पैसे आधीच ऑनलाइन गेले असतील तर चॅट आणि पावत्या पुसू नका, १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा आणि डीजी शिपिंगकडे तक्रार टाका.