तास्सोच्या महाकाव्यावर रोमने बंदी घातलीच नाही

सोळाव्या शतकातील कॅथलिक युरोप आणि लेखनस्वातंत्र्य हा विषय निघाला की आपल्याकडे धर्मद्रोहाच्या आरोपावरून जाळला गेलेला ब्रूनो आणि गॅलिलिओ ही नावे लगेच पुढे येतात. त्यांच्या हकिगती सांगितल्याच पाहिजेत. परंतु त्या काळाने साहित्याचे काय नुकसान केले हे समजून घ्यायचे असेल, तर ज्याला कोणी जाळले नाही आणि ज्याचे महाकाव्य रोमच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीतही गेले नाही, त्या तोर्क्वातो तास्सो या इटालियन कवीकडे पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

पहिल्या धर्मयुद्धावरील ‘जेरुसलेमची मुक्ती’ हे काव्य त्याने १५७५ च्या सुमारास इटलीतील फेर्राराच्या दरबारात पूर्ण केले. छपाईच्या परवान्याचा प्रश्न येण्याआधीच त्याने हस्तलिखित रोमला आपला मित्र शिपिओने गोन्झागा याच्याकडे पाठवले आणि तेथील विद्वानांकडून तपासून घेतले. त्यांपैकी सिल्व्हिओ अंतोनियानो हा कडव्या शिस्तीचा धर्मगुरू होता. काव्यातील प्रेमप्रसंग आणि जादूटोणा त्याला खपत नव्हते, आणि हे काव्य मठातल्या साधूंनी व नन्सनीही वाचावे, अशी त्याची अपेक्षा होती.

दुसऱ्या सर्गात सोफ्रोनिया ही तरुणी जेरुसलेममधील ख्रिस्ती लोकांना वाचवण्यासाठी न केलेला गुन्हा कबूल करते. तिच्यावर मूकपणे प्रेम करणारा ओलिंदो तोच गुन्हा स्वतःवर घेतो, दोघांना एकाच खांबाला पाठीला पाठ लावून बांधले जाते, आणि चितेच्या तोंडावर तो प्रथमच मन मोकळे करतो. हा प्रसंग फार भावगीतात्मक आणि कथेशी सैल जोडलेला आहे, अशी टीका झाली. एप्रिल १५७६ च्या पत्रात तास्सोने कळवले की, या प्रसंगाला आपण मृत्युदंड ठोठावला आहे; काव्यशास्त्रीय कारणे त्याने दिलीच, पण धर्मसंघीयांना बोलायला शक्य तितकी कमी संधी मिळावी, हेही कारण त्याने लिहून ठेवले. त्याच वर्षी त्याने काव्याला रूपकात्मक अर्थ जोडला. आरंभी असा अर्थ मनात नव्हता, असे तो खासगी पत्रात मान्य करतो, आणि प्रेमप्रसंग व जादू वाचवण्यासाठी ही ढाल वापरणार असल्याचेही सांगतो.

पुढे तो स्वतःहून इन्क्विझिशनपुढे, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करणाऱ्या चर्चच्या न्यायालयापुढे गेला, निर्दोष ठरला, तरी त्याचे समाधान झाले नाही. हे सारे त्याच्या मनोविकारामुळे घडले, असे म्हणणारे अभ्यासक आहेत. तो आजार खरा होता. १५७९ ते १५८६ ही वर्षे त्याने सांत’आन्ना रुग्णालयात कोंडलेल्या अवस्थेत काढली. परंतु त्याच्या भीतीने चौकशी अधिकाऱ्याचेच रूप का घेतले, याचे उत्तर आजारात सापडत नाही. शिवाय तो ढोंगी नव्हता. त्याची श्रद्धा मनापासूनची होती, आणि म्हणूनच परीक्षकाचा आवाज त्याला परका वाटला नाही.

१५९३ मध्ये त्याने ते काव्य नव्याने रचून ‘जेरुसलेमचा विजय’ या नावाने रोममध्ये प्रसिद्ध केले. त्यात ओलिंदो आणि सोफ्रोनिया नाहीत. वाचकांनी मात्र जुनेच काव्य जवळ केले, आणि ते त्यांच्या हाती राहिले याचे श्रेय तास्सो रुग्णालयात असताना, १५८० आणि १५८१ मध्ये, त्याला न विचारता ते छापून टाकणाऱ्यांकडे जाते.