मूर्ती कपाटात गेली

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. दादाकडं घरगुती प्रार्थनासभा होती. बाहेरगावाहून आलेल्या उपदेशकांना फळीवर वेलांकनी मातेची, म्हणजे येशूची आई मरियेची, वीतभर मूर्ती दिसली आणि प्रार्थना राहिली बाजूला. "ही आधी काढा!" आम्ही प्रोटेस्टंट, वहिनी कॅथलिक घरच्या, मूर्ती माहेरून आणलेली. एक शब्द बोलल्या नाहीत. पदरानं पुसली आणि कपाटात साड्यांच्या घडीत ठेवली.

मग मरियेला मान द्यायचा नाही याला पुरावा काय दिला, तर बायबलमधलं काना गावचं लग्न, जिथं द्राक्षारस संपला आणि मरियेनं येशूला सांगितलं. 'बाई, तुझा माझा काय संबंध' असं म्हणत येशूनं आईला झापलं म्हणे! अहो, वधस्तंभावरून तिला शिष्याच्या हाती सोपवतानाही तो 'बाई'च म्हणतो. मूळ ग्रीकमध्ये तो शब्द तुसडा नाहीच.

काना म्हटलं की मला मोठीमाय आठवते, वडिलांची आई. एप्रिल 2016, जालन्याजवळ चुलतबहिणीचं लग्न, आणि टँकर आलाच नाही. पहिली पंगत उठायच्या आत मोठीमायनं ड्रममध्ये वाकून पाहिलं. गवगवा नाही. काकाला बाजूला घेतलं, "पाणी सरलं रे." बाकीचे फेटे बांधून फोटो काढत होते.

मरियाही एवढंच म्हणते, द्राक्षारस नाही. आणि नोकरांना, तो सांगेल ते करा. कॅथलिक म्हणतात, बघा, आईनं शब्द टाकला. आम्ही म्हणतो, बघा, बोट त्याच्याकडंच दाखवलं. वचन एकच!

देव आणि माणसांत मध्यस्थ एकच, येशू, 1 तीमथ्य 2:5, मान्य. 1950 साली पोपनी जाहीर केलेलं तिचं सदेह स्वर्गात जाणं मला शास्त्रात सापडत नाही, तेही मान्य. मार्क 6:3 मधले येशूचे चार भाऊ सख्खे की नात्यातले, या भांडणात मी पडत नाही. आमच्याकडं चुलत, मावस सगळे भाऊच.

पण ज्याच्या नावानं आपण प्रोटेस्टंट, त्या लूथरनं 1521 मध्ये मरियेच्या गीतावर भाष्य लिहिलं, त्यात तिला देवाची आईच म्हटलंय. आपण त्याच्यापेक्षा शहाणे?

तेच गीत मोठीमाय ज्वारी निवडताना म्हणायची. भुकेल्यांना तृप्त केलं, धनवानांना रिकाम्या हाती लावून दिलं. तिच्या घरात मूर्ती कधीच नव्हती हं.

त्या दिवशी काकानं शेजारच्या बोअरवरून पाणी आणलं, नाव काकाचं झालं. मोठीमाय शेवटच्या पंगतीला बसली. योहानाच्या शुभवर्तमानातही कानानंतर मरियेच्या तोंडी एक शब्द नाही.

वहिनी, वाचत असाल तर मूर्ती बाहेर काढा. दादाला मी बघते.