लांबी भरून झाकलेली चूक

‘माणूस चुकांतून शिकतो’ हे वाक्य आपण इतक्या सहज फेकतो की त्यावर कुणी शंकाच घेत नाही. मी घेतो. ओळखीतल्या बऱ्याच जणांनी अलीकडे घरच्या घरी फर्निचर करायला घेतलं. काहींच्या हाताखाली मी फळ्या धरायला उभा राहिलो. माझं मत असं झालंय की बहुतेक चुका माणसाला काडीचंही शिकवत नाहीत, कारण त्या सापडल्या सापडल्या झाकल्या जातात. फट दिसली की लांबी (फटी बुजवायची पुटी) भरायची, पॉलिश पेपर मारायचा, वरून सनमायका. पुढच्या वस्तूत फट तिथेच, तेवढीच.

धाकट्या भावाने डोंबिवलीच्या फ्लॅटच्या गॅलरीत पुस्तकांचं कपाट करायला घेतलं तेव्हा हे जवळून बघायला मिळालं. गडी इंजिनिअर, वहीत सुरेख आकृती काढलेली. प्लायची शीट ८ बाय ४ फुटांची, ८ फुटांचे चार भाग, प्रत्येकी २ फूट. पहिल्या तीन फळ्या बरोबर निघाल्या आणि चौथी अडीच-तीन सूत कमी भरली. (ज्यांना सूत माहीत नाही त्यांच्यासाठी: इंचाचा आठवा भाग. मिस्त्री अजून त्यातच बोलतात, १९ मिलिमीटरच्या प्लायला ‘सहा सूत’ म्हणतात.)

संशय आधी टेपवर गेला. टेपच्या टोकाचा आकडा (पत्र्याचा हूक) किंचित हलत होता. हा पठ्ठ्या हातोडी घेऊन त्याचे रिव्हेट ठोकून घट्ट करायला निघाला. नशीब, समोरच्या फ्लॅटमध्ये काम करणारे एक वयस्कर मिस्त्री चहाला बाहेर आले होते. म्हणाले, “साहेब, तो मुद्दाम ढिला ठेवलेला असतो.” आकडा फळीच्या कडेला अडकवून मोजताना बाहेर ओढला जातो, आणि कपाटाच्या आतून मोजताना टोक भिंतीला टेकलं की आत दाबला जातो. जितकी आकड्याच्या पत्र्याची जाडी, तितकाच तो सरकतो, म्हणून दोन्ही मापं बरोबर येतात. ठोकून घट्ट केला असता तर एक माप कायमचं बिघडलं असतं.

खरा चोर पातं होतं. पात्याच्या दातांची रुंदी ३ मिलिमीटर, काप तीन, म्हणजे ९ मिलिमीटर लाकडाचा भुसा होऊन गॅलरीत पडला होता. वहीतल्या रेघेला जाडी नसते, करवतीला असते. चौथ्या फळीला पट्टी चिकटवून वेळ मारून नेता आली असती. पण तो तिथेच बसला, हिशेब मांडला, आणि त्यानंतर प्रत्येक रेघेच्या कोणत्या बाजूने पातं जाणार ते ठरवून टाकाऊ बाजूला पेन्सिलीने फुली मारू लागला. ती फुली म्हणजे शिकणं, असं मला वाटतं. आधी चौथी फळी कमी भरली एवढंच घडलं होतं.

त्याच मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला सगळ्या व्हिडिओंपेक्षा मोलाची वाटते. मधला कप्पा कापायचा होता आणि भाऊ पुन्हा टेप काढून बसला. ते म्हणाले, “मोजताय कशाला? फळी इथं धरा आणि खूण करा.” दोनदा मोजा, तीनदा मोजा, असा सल्ला सगळे देतात. पण चुकीच्या पद्धतीने तीनदा मोजलं तर तीच चूक तीनदा येते. आकडा वाचा, लक्षात ठेवा, दुसऱ्या फळीवर उतरवा, यात घसरायला किती जागा! फळी जागेवर धरून खूण केली की मापाचा आकडा मधून गळूनच जातो. चौकट काटकोनात आहे की नाही हेही ते गुण्या (काटकोन तपासायचं अवजार) लावण्याआधी दोन्ही कर्ण मोजून बघायचे. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि कर्णही सारखे, तर चौकट काटकोनात.

काही चुका मात्र लगेच बोलतच नाहीत. कपाट उभं राहिलं, फोटो निघाले, लाइक मिळाले. सगळ्यात वरचा कप्पा ४ फूट सलग, मध्ये आधार नाही, कारण ‘मोकळं दिसतं’. दिवाळी अंकांचे गठ्ठे आणि विश्वकोशाचे खंड चढले आणि काही महिन्यांत फळीला झोल आला. कडेपासून कडेपर्यंत पुस्तकं भरली असतील तर आधारांमधलं अंतर दुप्पट केल्यावर झोल दुप्पट होत नाही, सोळापट होतो. फळी दुप्पट जाड केली तर तो आठव्या हिश्शावर येतो. म्हणजे २ फुटांवर एक उभी फळी टाकली असती तर विषयच नव्हता. असली चूक शिकवते, पण उशिरा, आणि तोवर तुम्ही आणखी दोघांना तसलंच कपाट करून दिलेलं असतं.

पावसाळ्यातली चूक तर आणखी फसवी. अस्सल सागवानाचा ड्रॉवर जुलैत अडकतो, लोक रंधा घेऊन तासतात, छान सरकायला लागतो. मार्चमध्ये तोच ड्रॉवर खुळखुळतो. लाकूड दमट हवेत रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. हे जुन्या सुतारांना पक्कं माहीत होतं. वाड्याच्या दारातली मधली फळी नीट बघा, ती चौकटीच्या खाचेत मोकळी बसवलेली असते, तिला हलायला जागा ठेवलेली असते. प्लायमध्ये पापुद्रे एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्यामुळे ही भानगड फारशी होत नाही, म्हणून प्लायवर शिकलेला माणूस लाकडावर हमखास आपटतो.

शाळेत यातलं काही शिकवत नाहीत असं म्हणणं सोपं आहे, पण तेही पूर्ण खरं नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला, त्यातून नई तालीम उभी राहिली. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तोही हाताने काम करत शिकण्यासाठीच. आपल्या वाट्याला आला तो कार्यानुभवाचा तास. गुण तयार वस्तूला, म्हणून आदल्या संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानातून विकत आणलेल्या वस्तूलाही. बिघडलेली वस्तू घेऊन ‘हे असं का झालं’ विचारणाऱ्या पोराला गुण द्यायचा रकानाच नव्हता. लांबी भरायची सवय तिथून लागते.

एका बाबतीत मात्र मी ‘करून बघा, चुका, शिका’ कुणालाही म्हणणार नाही. लोखंड घासायच्या ४ इंची ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी पातं लावून काम करणारे व्हिडिओ सर्रास फिरतात, बऱ्याचदा गार्ड काढूनच. ते यंत्र मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे मारतं. दात लाकडात अडकला की यंत्र उसळी मारतं आणि ते कुठे जाईल हे तुमच्या हातात राहत नाही. फिरत्या पात्याजवळ हातमोजे घालणं हेही संरक्षण नव्हे, मोजा अडकला की हात सोबत ओढला जातो. बारीक भुशासाठी मास्क लावायचा कंटाळा करणाऱ्यांसाठी एवढंच, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ १९९५ सालीच कर्करोगकारक पदार्थांत धरली आहे. या चुका दुसऱ्याच्या बघून घ्या.

बाकी ज्यांनी घरी काही ना काही बनवलंय त्यांनी कमेंटमध्ये फोटो टाका, पण मागच्या बाजूचा. जिथे स्क्रूने प्लायची कड फुटली, फेविकॉलचा ओघळ पुसायचा राहिला, माप चुकलं म्हणून तुकडा जोडला, तो भाग. आणि सोबत ते कशामुळे झालं तेही लिहा.